नोकरी मिळाली, की नुसती रांग बदलली?

२०१३ साली जगभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी वारंवार येत होती. स्पेनमध्ये आणि ग्रीसमध्ये २५ वर्षांखालील निम्म्याहून अधिक तरुण बेकार आहेत, अशी ती बातमी. त्याच वर्षी युरोपीय संघाने तरुणांच्या रोजगारासाठी एक मोठी योजना जाहीर केली. अब्जावधी युरो बाजूला काढले गेले, देशोदेशींच्या सरकारांनी त्यात आपला वाटा घातला. पुढे काय झाले? त्या पैशाने तरुणांना नोकऱ्या मिळाल्या का?

प्रश्न साधा दिसतो. नोकऱ्या मिळालेल्यांची डोकी मोजली की उत्तर मिळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे मोजणे प्रयोगशाळेतल्या कित्येक मोजमापांपेक्षा अवघड आहे. ते अवघड का आहे आणि ती अडचण काही संशोधकांनी कशी सोडवली, हे या लेखात पाहू. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. टक्केवारी, संभाव्यता आणि संगीतखुर्चीचा खेळ एवढे माहीत असले तरी पुरते.

टक्के कशाचे?

आधी ती बातमी तपासू. ‘निम्म्याहून अधिक तरुण बेकार’ याचा अर्थ स्पेनमधल्या दर दोन तरुणांतला एक जण काम शोधत फिरत होता, असा होतो का? नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येनुसार बेकार म्हणजे जिच्याकडे काम नाही, जिने गेल्या चार आठवड्यांत काम शोधले आहे आणि जी दोन आठवड्यांत कामावर रुजू होऊ शकते अशी व्यक्ती. बेकारीचा दर काढताना अंशस्थानी हे बेकार असतात आणि छेदस्थानी काम करणारे अधिक बेकार. जो विद्यार्थी फक्त शिकतो आहे, काम करत नाही आणि शोधतही नाही, तो अंशातही नसतो आणि छेदातही नसतो.

आता २०१३ च्या स्पेनमधले १५ ते २४ वयाचे १०० तरुण घ्या. त्यांतले साधारण ६२ जण शिकत होते किंवा अन्य कारणाने कामाच्या बाजारात नव्हते. उरले ३८. त्यांतल्या सुमारे १७ जणांना काम होते आणि २१ जणांना नव्हते. २१ भागिले ३८ म्हणजे ५५ टक्के. बातमीतला आकडा तो हा. पण १०० तरुणांतले बेकार २१ च. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त छेद वेगळा आहे. म्हणून कोणतीही टक्केवारी वाचली की ‘कशाचे टक्के?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या तोंडी बसला पाहिजे.

२१ हा आकडाही लहान नव्हे. शिवाय काम शोधून शोधून थकलेले आणि शोधायचेच सोडून दिलेले तरुण वरच्या व्याख्येत बेकार ठरत नाहीत. त्यांना मोजण्यासाठी युरोपात आणखी एक वर्ग करतात : ना शिक्षणात, ना नोकरीत, ना प्रशिक्षणात. या वर्गाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘नीट’ असा शब्द होतो. आपल्याकडे ‘नीट’ म्हटले की वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आठवते. तिकडे या शब्दाने घरी बसून राहिलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. २०१३ च्या सुमारास २५ वर्षांखालील असे सुमारे ७५ लाख तरुण युरोपीय संघात होते.

हमी आणि हमी

२२ एप्रिल २०१३ रोजी युरोपीय संघाच्या परिषदेने ‘युवा हमी’ची शिफारस स्वीकारली. शिक्षण संपल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांच्या आत २५ वर्षांखालील प्रत्येकाला चांगली नोकरी, पुढचे शिक्षण, उमेदवारी किंवा कामाचे प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचे, असे तिचे स्वरूप होते. २०२० साली वयाची मर्यादा ३० पर्यंत वाढवण्यात आली.

‘हमी’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. आपला रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. पण या दोन हमींत फरक आहे. आपल्याकडे मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे आणि ते देता आले नाही तर बेकारभत्ता, असे बंधन कायद्याने सरकारवर घातले होते. युरोपातली हमी ही सदस्य देशांना केलेली शिफारस आहे. एखाद्या तरुणाला चार महिन्यांत काही मिळाले नाही, म्हणून केवळ या शिफारशीच्या आधारे तो न्यायालयात जाऊ शकत नाही. शिवाय आपल्या योजनेत सरकार स्वतः काम काढते, तर तिकडे नोकरी बहुधा दुसऱ्या कोणाकडे असते आणि सरकार तरुणाला तिथपर्यंत पोहोचवू पाहते. हा दुसरा फरक लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडेल.

पैसा येतो कोठून?

युरोपीय सामाजिक निधी हा या पैशाचा जुना झरा. १९५७ च्या रोम कराराने सहा देशांनी एकत्र येऊन जो आर्थिक समुदाय स्थापन केला, त्याच करारात या निधीची तरतूद होती. युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकात मोठा भाग सदस्य देशांच्या वर्गणीचा असतो आणि ती वर्गणी मुख्यतः त्या त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात ठरते. म्हणजे ‘युरोपचा पैसा’ हा अखेर देशोदेशींच्या करदात्यांचाच पैसा. तो एकत्र जमतो आणि गरज जिथे अधिक तिथे अधिक वळवला जातो.

या निधीतून सगळा खर्च मिळत नाही. सरकारलाही आपला वाटा घालावा लागतो. २०१४ ते २०२० या काळात श्रीमंत प्रदेशांत निधीचा वाटा निम्म्यापर्यंत, तर मागास प्रदेशांत ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत होता. स्वतःचे पैसे गुंतले की देश काळजीपूर्वक खर्च करील, हा त्यामागचा विचार. सरकार जो खर्च एरवी करणारच होते, तोच निधीच्या खात्यावर टाकायचा नाही, असाही नियम तेव्हा होता.

२०१३ साली या निधीच्या जोडीला ‘युवा रोजगार उपक्रम’ सुरू झाला. ज्या प्रदेशांत २०१२ साली तरुणांच्या बेकारीचा दर २५ टक्क्यांहून अधिक होता, त्यांच्यासाठी सात वर्षांकरिता सुमारे ६.४ अब्ज युरो ठेवले गेले. यातला निम्मा पैसा सामाजिक निधीतून यायचा होता आणि निम्मा खास या उपक्रमाचा होता. या खास भागासाठी देशाने आपला वाटा घालण्याची अट नव्हती. पुढे ही एकूण रक्कम वाढवून ८.८ अब्जांच्या आसपास नेण्यात आली.

आता एक व्यावहारिक अडचण पाहा. हा पैसा सहसा आधी मिळत नाही. आधी देशाने खर्च करायचा, पावत्या सादर करायच्या आणि मग भरपाई घ्यायची. थोडी उचल मिळते, पण ती १ ते १.५ टक्का एवढीच होती. ज्या देशांची तिजोरी रिकामी म्हणून मदत द्यायची, त्यांनीच आधी खिशात हात घालायचा! कामे रेंगाळली. अखेर २०१५ साली युवा रोजगार उपक्रमाच्या खास भागापुरती ही उचल ३० टक्क्यांपर्यंत वाढवून सुमारे १ अब्ज युरो देशांना आगाऊ देण्यात आले.

रक्कम मोठी वाटते, पण ती गरजेच्या शेजारी ठेवून पाहायला हवी. युरो चलन वापरणाऱ्या देशांत अशी हमी खरोखर पाळायची तर वर्षाला सुमारे २१ अब्ज युरो लागतील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१२ साली केला होता. उपक्रमाचे ६.४ अब्ज होते सात वर्षांसाठी.

आधी आणि नंतर

युरोपीय संघात तरुणांच्या बेकारीचा दर २०१३ साली सुमारे २४ टक्के होता, तो २०१९ मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास आला. योजना यशस्वी झाली असे म्हणावे का?

विज्ञानाचा शिक्षक इथे लगेच हात वर करील. रोपाला खत घातले आणि रोप वाढले, एवढ्यावरून खतामुळे वाढले असे आपण म्हणत नाही. त्याच वेळी पाऊसही पडला असेल. युरोपातही या सहा वर्षांत मंदी ओसरली होती आणि उद्योग सावरले होते. योजना नसती तरी बेकारी काही प्रमाणात घटलीच असती. योजनेचा परिणाम म्हणजे ‘जे झाले’ आणि ‘योजना नसती तर जे झाले असते’ यांतला फरक. यातली दुसरी गोष्ट कधीच डोळ्यांना दिसत नाही. तिचा अंदाज घ्यायला तुलनेसाठी बिनखताचा वाफा लागतो.

एकेका तरुणाचेही तसेच आहे. योजनेत आलेल्या १०० जणांपैकी ६० जणांना वर्षभरात नोकरी लागली असे समजू. त्यांतल्या कित्येकांना ती स्वतःच्या प्रयत्नाने लागलीच असती. त्यांच्यावर झालेल्या खर्चातून नवे काही घडले नाही. म्हणून काही तरुणांना योजनेत घ्यायचे, तशाच दुसऱ्या काहींना घ्यायचे नाही आणि दोन्ही गटांची तुलना करायची. औषधांच्या चाचण्यांत हेच करतात. इथे मात्र बिनखताचा वाफाच दगा देतो. तो कसा, हे वर्गात करून पाहता येईल.

वर्गात करून पाहा

१५ मुले आणि १० खुर्च्या घ्या. संगीतखुर्चीचा एक डाव खेळा. संगीत थांबले की १० मुले बसतील, ५ उभी राहतील. प्रत्येकाला खुर्ची मिळण्याची संभाव्यता दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६७ टक्के.

आता चिठ्ठ्या टाकून पाच मुले निवडा आणि संगीत नेमके कधी थांबणार हे त्यांच्या कानात सांगा. हीच आपली ‘योजना’. पुन्हा डाव खेळा. ही पाचही मुले बहुधा बसतील. उरलेल्या दहा जणांना पाच खुर्च्या राहतील. मदत मिळालेल्यांचे यश १०० टक्के, न मिळालेल्यांचे ५० टक्के. फरक ५० टक्के! गटही चिठ्ठ्या टाकून पाडलेले होते, म्हणजे पद्धतीत खोट नाही. अहवाल लिहायला हरकत नाही.

पण उभी राहिलेली मुले मोजा. ती पाचच आहेत, पहिल्या डावाइतकीच.

गफलत कुठे झाली ते मुलांनाच शोधू द्या. ज्या दहा जणांशी आपण तुलना केली, त्यांची संधी योजनेमुळेच ६७ वरून ५० टक्क्यांवर आली होती. शेजारच्या वाफ्याला खत घालताना आपण या वाफ्याचे पाणी तिकडे वळवले होते. तुलनेचा वाफाच बिघडला, तर तुलना कशाशी करायची?

उत्तर असे की, ज्या वर्गात कोणाच्याच कानात काही सांगितले नाही, अशा दुसऱ्या वर्गाशी. तिथे बसण्याचे प्रमाण ६७ टक्के आहे. त्याच्याशी ताडून पाहिले की मदत मिळालेल्यांना ३३ टक्क्यांचा फायदा झाला आणि न मिळालेल्यांना १७ टक्क्यांचा तोटा झाला, हे दिसते. पहिले पाच आहेत आणि दुसरे दहा, म्हणून बेरीज शून्य.

फ्रान्समधला प्रयोग

हा खेळ फ्रान्समध्ये २००७ पासून प्रत्यक्ष बाजारात खेळला गेला. किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण झालेले, पण दीर्घकाळ काम न मिळालेले ३० वर्षांखालील तरुण त्यात होते. त्यांना नोकरी शोधून द्यायला सरकारने खाजगी संस्था नेमल्या. तरुणाला निदान सहा महिन्यांची नोकरी मिळाली आणि ती टिकली, तरच संस्थेला पुढचे पैसे मिळायचे.

ब्रुनो क्रेपों, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेची आखणीच प्रयोगासारखी केली. देशातल्या २३५ रोजगार कार्यालयांचे पाच गट पाडले. पहिल्या गटातल्या कार्यालयांत एकाही तरुणाला मदत द्यायची नाही. दुसऱ्यात पात्र तरुणांपैकी २५ टक्क्यांना द्यायची, तिसऱ्यात ५० टक्क्यांना, चौथ्यात ७५ टक्क्यांना आणि पाचव्यात सगळ्यांना. कोणते कार्यालय कोणत्या गटात आणि कोणत्या तरुणाला मदत, हे दोन्ही यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. त्यामुळे एकाच वेळी तीन प्रकारचे तरुण हाती आले : मदत मिळालेले, मदत मिळालेल्यांच्या शेजारी राहून वंचित राहिलेले आणि जिथे कोणालाच मदत नव्हती तिथले.

निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आठ महिन्यांनंतर मदत मिळालेल्यांना स्थिर नोकरी मिळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा नक्कीच अधिक होते. पण हा फायदा टिकाऊ नव्हता, पुढे तो विरत गेला. त्यातला काही भाग शेजारच्या वंचित तरुणांच्या तोट्यातून आलेला होता. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर निव्वळ लाभ थोडाच उरत होता. जिथे नोकऱ्यांची टंचाई अधिक, तिथे ही ढकलाढकलही अधिक होती. मंदीत खुर्च्या मोजक्या असतात, हे संगीतखुर्ची खेळलेल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुफ्लो यांचे नाव मुंबईच्या काही शिक्षकांना परके नसेल. अभिजित बॅनर्जी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात केला होता. अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी, म्हणजे बालसखी, वाचन आणि गणिताच्या पायऱ्या शिकवत असे. वडोदऱ्यात काही शाळांत ती तिसरीला दिली, काही शाळांत चौथीला, आणि दोन्हींची तुलना केली. मागे पडलेल्या मुलांची प्रगती झाल्याचे स्पष्ट दिसले. बॅनर्जी, दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अशा प्रयोगांच्या वाटेने गरिबीचे प्रश्न अभ्यासल्याबद्दल.

पद्धत तीच, मग मुंबईत दिसलेला फायदा फ्रान्समध्ये का विरला? एक महत्त्वाचा भेद आहे. एका मुलाला वाचता आले, म्हणून शेजारच्या मुलाचे वाचन कमी होत नाही. शिक्षणात खुर्च्या मोजक्या नसतात. नोकरीच्या बाजारात, निदान तात्पुरत्या काळापुरत्या, त्या असतात.

खुर्ची वाढवली तर?

मग खुर्च्याच वाढवाव्यात. ब्रिटनने २००९ साली ‘फ्यूचर जॉब्ज फंड’ या नावाने तसा प्रयत्न केला. मुख्यतः १८ ते २४ वयाच्या, बराच काळ बेकार असलेल्या तरुणांसाठी सहा महिन्यांच्या नोकऱ्या निर्माण करायच्या, एका नोकरीमागे सरकारने ६,५०० पौंडांपर्यंत द्यायचे आणि ती नोकरी एरवी अस्तित्वात आली नसती अशी असली पाहिजे, ही अट. सुमारे १ लाख ५ हजार तरुणांना असे काम मिळाले. मे २०१० मध्ये सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने योजना खर्चिक म्हणून गुंडाळायला घेतली.

सरकारचे मूल्यमापन नोव्हेंबर २०१२ मध्ये आले, तोवर योजना संपली होती. त्यात योजनेतल्या तरुणांची तुलना तशाच पण योजनेत नसलेल्या तरुणांशी केली होती. सुरुवातीपासून दोन वर्षांनी, सरकारी अनुदान नसलेल्या साध्या नोकरीत असण्याचे प्रमाण योजनेतल्या तरुणांत ११ टक्क्यांनी अधिक होते. दर तरुणामागे सरकारला निव्वळ ३,१०० पौंडांचा भार पडला. पण तरुणाला ४,००० पौंडांचा आणि काम देणाऱ्यांना ६,८५० पौंडांचा लाभ झाला. बेरीज-वजाबाकी करून समाजाचा निव्वळ लाभ ७,७५० पौंड. तिजोरीचा हिशेब आणि समाजाचा हिशेब यांची चिन्हेही उलटी असू शकतात, ती अशी.

मग काय करायचे?

फ्रान्सच्या प्रयोगावरून ‘तरुणांना मदत करणे व्यर्थ आहे’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. नोकऱ्यांची संख्या कायमची ठरलेली नसते. चांगले काम करणारी माणसे मिळाली तर उद्योग वाढतात आणि खुर्च्याही वाढतात, पण त्याला वेळ लागतो. ज्याला कोणीच दारात उभे करत नाही अशा तरुणाला रांगेत थोडे पुढे आणणे, हेही न्यायाचे काम असू शकते. फक्त ते रांग बदलणे आहे, रांग कमी करणे नव्हे, हे ठाऊक असले पाहिजे.

युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०१७ साली सात देशांतल्या युवा हमीची तपासणी केली. थोडी प्रगती झाली आहे, पण सगळ्या ‘नीट’ तरुणांना चार महिन्यांत संधी देणे यांपैकी एकाही देशाला जमलेले नाही आणि केवळ युरोपीय पैशाच्या बळावर ते जमणारही नाही, असे त्यांनी नोंदवले. तरी निधी थांबला नाही. २०२१ ते २०२७ या काळासाठी सामाजिक निधीला सुमारे ९९ अब्ज युरो मिळाले. ‘नीट’ तरुणांचे प्रमाण सरासरीपेक्षा अधिक असलेल्या देशांनी त्यातला किमान साडेबारा टक्के भाग तरुणांच्या रोजगारावर खर्चावा, असे बंधनही आले.

आपल्या वरच्या वर्गातले विद्यार्थी थोड्याच वर्षांत या रांगेत उभे राहणार आहेत. ‘अमुक योजनेतून इतक्या हजार तरुणांना रोजगार’ अशी बातमी ते वाचतील. तेव्हा त्यांनी चार प्रश्न विचारावेत. टक्के कशाचे? योजना नसती तर यांतल्या किती जणांना काम मिळालेच असते? ज्यांना ते मिळाले, त्यांच्यामुळे कोणी मागे ढकलले गेले का? आणि दोन वर्षांनी ते काम टिकले का? वर्गातल्या खेळात शेवटी उभी राहिलेली मुले आपल्या डोळ्यांसमोर असतात. सरकारी अहवालात ती कोणत्याच रकान्यात येत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने हे प्रश्न विचारणारा कोणीतरी लागतो.